बीकरातलं नॅनो

नॅनो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्लीन रूम, पांढरे सूट आणि कोट्यवधींची मशिनं येतात. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं साध्या बीकरात होतं. झिंक नायट्रेट आणि हेक्झामिन पाण्यात विरघळवायचं, झिंक ऑक्साईडचा पातळ थर दिलेली काच त्यात सोडायची आणि नव्वदेक डिग्रीला काही तास तापवायचं. काचेवर षटकोनी काड्या उगवतात, केसापेक्षा शेकडो पट बारीक!

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा रासायनिक पद्धतींवर वर्षानुवर्षं काम केलं. 'सिलार' ही त्यातलीच एक, निकोलाऊने १९८५ मध्ये मांडलेली. काच एका द्रावणात बुडवा, धुवा, दुसऱ्यात बुडवा, पुन्हा धुवा. झालं. याला 'गरिबांचं नॅनो' म्हणून नाक मुरडणारे भेटतात. मला स्वस्ताईत काही कमीपणा वाटत नाही.

मला खटकते ती रेसिपी. पेपरात बऱ्याचदा '९० डिग्रीला ढवळलं' एवढंच असतं. किती वेगाने? आधी काय ओतलं? पीएच कधी मोजला? आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणतात, आणि असा कोड कुणी रिलीज करत नाही (निदान उघडपणे तरी).

बेसात बसून मी याची चिंता करतोय, कारण मँगनीज आपल्या दारात आहे. मॉयलचं मुख्यालय नागपुरात. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीवर त्यांनी १९९१ मध्ये इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साईडचा कारखाना काढला, ड्राय सेलसाठी. या पद्धतीत खनिज भाजून गंधकाम्लात विरघळवतात, द्रावण शुद्ध करतात आणि गरम द्रावणातून वीज सोडून ऑक्साईड धन ध्रुवावर जमवतात. म्हणजे तीही ओली केमिस्ट्रीच. फक्त इथे आजचा माल कालच्यासारखा नसला तर गिऱ्हाईक परत पाठवणार. याच मँगनीज डायऑक्साईडचे नॅनो थर सुपरकपॅसिटरसाठी प्रयोगशाळांत कधीपासून तपासले जातायत, पण तिथे परत पाठवणारं गिऱ्हाईकच नाही.

म्हणून माझं म्हणणं, पीएचडी देण्याआधी दुसऱ्या गावातल्या कुणीतरी फक्त प्रबंध वाचून तो थर तीनदा बनवून दाखवावा. नागपूरचा अमरावतीत, कोल्हापूरचा जळगावात. फसलेल्या बॅचेसही छापाव्यात. गाईड मंडळी चिडतील, चिडू देत. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप महाग आहे हे कबूल, पण बीकर आणि हॉट प्लेट कुठल्या कॉलेजात नाही?