सूर्य काय फक्त सिंहगड रोडवर उगवतो?

व्हॉट्सॲपवर परत एक फॉरवर्ड फिरतंय. सूर्यावर डाग वाढले, सौरवादळं आली की पृथ्वीवर साथी येतात म्हणे. खाली एक ग्राफ आणि 'सर्वांना पाठवा'.

कल्पना जुनीच आहे. रशियाच्या चिझेव्हस्कींनी शंभर वर्षांपूर्वी कॉलरा, फ्लूच्या साथी सौरडागांशी जोडल्या. आपल्या नारळीकर सरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनीही फ्लूबद्दल तसंच मांडलं. १९१८, १९५७, १९६८ या तिन्ही महासाथी डागांच्या शिखराच्या आसपास आल्या, हे खरं. पण पुढचं फॉरवर्डमध्ये नसतं. २००९ ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी आपल्या पुण्यात गेला, तेव्हा सूर्य जवळजवळ शंभर वर्षांत नव्हता इतका शांत होता. कोरोना आला तेव्हाही डाग तळाला. वाढले तरी साथ, घटले तरी साथ! हवी ती सालं वेचली की काहीही जुळतं.

आता जीबीएस घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सूर्य शिखरावर, जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएस. जुळलं की! पण तोच सूर्य कोरेगाव पार्कावरही होता ना? मग सगळ्यात जास्त रुग्ण नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला याच पट्ट्यात का? दोनशेच्या वर संशयित रुग्ण. कोणाचे पाय लुळे, कोणी व्हेंटिलेटरवर. एनआयव्हीला काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. हा जंतू दूषित पाण्यातून, अर्धकच्च्या चिकनमधून पोटात जातो. त्याच्याशी लढताना शरीर चुकून आपल्याच मज्जातंतूंवर हल्ला करतं.

धायरी २०१७ ला पालिकेत आली, बाकीची गावं २०२१ ला. हद्द एका सहीत वाढली, शुद्ध पाणी मात्र मागून, रखडत. साथ आल्यावर मग विहिरी तपासा, खासगी आरओ प्लांटना टाळं लावा, अशी धावपळ.

म्हणून या फॉरवर्डचा राग येतो. सूर्याला निवेदन देता येत नाही. सूर्याची बदली होत नाही. दोष सूर्यावर गेला की खालचे सगळे सुटले!

नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवं. ओटी टेस्टचे थेंब टाका, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. नाही झालं तर फोटो काढून वॉर्ड ऑफिसला पाठवा.

फॉरवर्ड करायचंच असेल, तर तो फोटो करा.