बॉनेट उघडा, नंबर वाचा



बिस्किटाचा साधा पुडा घेतला तरी आपण तो उलटा करून पाहतो. हिरवा ठिपका आहे ना, जिलेटिन नाही ना, कांदा-लसणाची पूड नाही ना, हे वाचल्याशिवाय तो डब्यात जात नाही. पण त्याच घरात काही लाखांचा जुना पिकअप येतो, तेव्हा बॉनेटसुद्धा उघडलं जात नाही. रंग चांगला आहे, टायर नवे आहेत, एजंट ओळखीचा आहे, एवढ्यावर व्यवहार ठरतो. गाडीत खरोखर कोणतं इंजिन आहे हे पाहणं मेकॅनिकचं काम, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, ते श्रावक-श्राविकेचंही काम आहे.

आपल्या मुळशीत पिकअपशिवाय पान हलत नाही. पौड-पिरंगुटच्या दुकानांचा किराणा, शेतातला भात, मार्केट यार्डला जाणारी भाजी, लग्नाचा मंडप, सगळं त्यातूनच जातं. ताम्हिणीचा चढ आणि वर्षानुवर्षांचा भार सोसून इंजिन थकतं. मग कोणी भंगारातल्या गाडीचं दुसरं इंजिन बसवून घेतो. त्यात गैर काही नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे हा बदल आरटीओला कळवून आर.सी.वर नोंदवायचा असतो. नोंद न करता तीच गाडी ‘कंपनी इंजिन’ म्हणून विकणं, दोष इथे आहे.

ओळखायचं कसं? बॉनेटवरच्या किंवा इंजिनाच्या झाकणावरच्या स्टिकरवर जाऊ नका. स्टिकर बाजारात मिळतो. इंजिन नंबर इंजिनाच्या ब्लॉकवरच ठोकलेला असतो. आपल्याकडच्या पावसाने तो गंज आणि चिखलाखाली दडतो, म्हणून डिझेलच्या फडक्याने पुसून घ्या. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. आरटीओच्या कागदांसाठी चेसिस नंबरची प्रिंट अशीच घेतात. तो नंबर आर.सी.शी एकेक अक्षर जुळवा. आकडे वाकडेतिकडे असतील किंवा भोवती ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा असतील तर तिथेच थांबा.

मग आर.सी.वरची सीसी पाहा. बोलेरो पिकअपचं नेहमीचं डिझेल इंजिन २५२३ सीसीचं, चार सिलिंडरचं. प्रवासी बोलेरोत मात्र पुढे १४९३ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन आलं. नाव एकच, यंत्र वेगळं. २००५ साली आलेल्या छोट्या हत्तीचं डिझेल इंजिन ७०२ सीसीचं, दोन सिलिंडरचं. इंजेक्टर मोजले की सिलिंडर कळतात, त्याला शिक्षण लागत नाही. प्रत्येक इंजेक्टरची नळी थेट पंपावरून येत असेल तर ते जुन्या पद्धतीचं इंजिन. एका आडव्या नळीतून फाटे फुटून प्रत्येक इंजेक्टरवर वायर जोडलेली असेल तर कॉमन रेल. दोन्हींचे सुटे भाग वेगळे, दुरुस्तीचा खर्चही वेगळा.

नंबर जुळला नाही तर गाडी नावावर होताना अडते, अपघातानंतर विम्याचा दावा लटकतो, आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस दारात येतात. पैसे तर बहुधा घरातल्या बाईच्या बांगड्या गहाण ठेवून उभे केलेले असतात. म्हणून हा विषय ‘पुरुषांचा’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यात प्रतिरूपकव्यवहार आहे, म्हणजे अस्सलच्या नावाखाली नक्कल खपवणं. तो विकणाऱ्याचा. पण तिथेच तदाहृतादानही आहे, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणं. तो विकत घेणाऱ्याचा. ‘इतकी स्वस्त कशी?’ हा प्रश्न मनात येऊनही जो गिळून टाकतो, त्याला ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणता येईल का? सत्यव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणंही आहे. आर.सी.वर एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा, हे माहीत असून त्या कागदावर सही करणं मला त्याच्या फार जवळचं वाटतं.

काहीजणी म्हणतील, ओळखीच्या माणसासमोर टॉर्च घेऊन बॉनेटखाली वाकणं बरं दिसत नाही. अहो, सोनाराकडे आपण वजनकाट्याकडे बघतोच ना? त्यात त्याचा अपमान होत नाही. सरळ माणूस स्वतःच बॉनेट उघडून देतो.

आणि आपल्या घरची गाडी विकायची असेल तर हाच नियम आधी आपल्याला लागू. इंजिन बदललं असेल तर आर.सी.वर नोंद करून घ्या, घेणाऱ्याला बिल दाखवा, सौदापावतीवर तसं लिहा. भाव दहा-वीस हजारांनी उतरेल, उतरू द्या. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणून त्या माणसाचं बंद पडलेलं इंजिन काही सुरू होणार नाही.