जुनी गाडी, ताजा खर्च

सत्तर लाखांची गाडी पंचवीस लाखांत दारात उभी राहणार असेल, तर कोणाला नको आहे? ऑडी क्यू-फाइव्ह, बीएमडब्ल्यू एक्स-थ्री, मर्सिडीज जीएलसी ही नावे आता केवळ उद्योगपतींच्या बंगल्यांपुरती उरलेली नाहीत. काही वर्षे वापरलेली अशी गाडी नव्या साध्या एसयूव्हीच्या किमतीत मिळू लागली आहे. मुले मोबाइलवर तिची छायाचित्रे दाखवतात, आजी-आजोबा मागे ऐसपैस बसतील हे सूनबाईंना पटते, आणि घरात एकमत होते. मराठी घरात इतके एकमत लग्न ठरवतानाही होत नाही!

हे स्वप्न वाईट आहे, असे म्हणणारा मी नव्हे. भक्कम बांधणी, चांगले ब्रेक, लांबच्या प्रवासातला आराम हे सारे खरे आहे. माझी तक्रार आहे ती हिशेबाच्या पद्धतीबद्दल. आपण गाडी घेण्याची किंमत पाहतो, ती बाळगण्याची पाहत नाही.

बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला घसारा हा शब्द पाठ असतो. विम्याच्या नेहमीच्या कोष्टकानुसार गाडीला चार वर्षे उलटली की तिच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो. पण घसारा गाडीच्या किमतीला लागतो, सुट्या भागांच्या नाही. पंचवीस लाखांत घेतलेल्या गाडीचा दिवा, गिअरबॉक्स आणि टायर सत्तर लाखांच्या गाडीचेच असतात. शिवाय साध्या विम्यात प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मीच भरपाई मिळते; उरलेली निम्मी आपल्या खिशातून.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी रस्त्यात रुसली, तर नाक्यावरचा मिस्त्री पाना-पकड घेऊन तिची समजूत काढत असे. आजच्या गाडीचे दुखणे कळायलाही आधी संगणक जोडावा लागतो. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जळण्यासाठी गाडी अधूनमधून महामार्गावर सलग पळवावी लागते. जिची धाव शाळा आणि मंडईपुरतीच आहे, तिची गाळणी तुंबते.

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमधील व्यावसायिकांच्या गटाने एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि देशभर चर्चा झाली. पण त्या गाड्या नव्या होत्या आणि भावाची घासाघीस साऱ्या गटाने मिळून केली होती. जुन्या गाडीचा ग्राहक एकटा असतो. बहुतेक वेळा वॉरंटी संपलेली असते आणि कर्जाचा व्याजदरही नव्या गाडीपेक्षा सहसा चढाच असतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. जुनी आलिशान गाडी जरूर घ्यावी, पण हप्त्यावर घेऊ नये. हप्ता ठरलेला असतो, दुरुस्ती नसते. दोन्ही एकाच महिन्यात आली, की मोडते ती वडिलांची मुदत ठेव किंवा मुलीच्या शिक्षणासाठी राखलेली रक्कम. गाडीसाठी पंचवीस लाख असतील, तर एकवीस-बावीस लाखांची गाडी पाहावी आणि उरलेले तिच्याच नावाने बाजूला ठेवावेत.

भाव ठरवताना विकणाऱ्याने कधी काळी मोजलेली किंमत धरू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसयूव्हीवरचा एकूण कर ५० वरून ४० टक्क्यांवर आला. तेव्हा तुलना आजच्या नव्या गाडीशीच करावी. कंपनीच्या सर्व्हिसिंगची नोंद मागावी आणि आपल्या माहितीच्या माणसाकडून गाडी तपासून घ्यावी. नोंदणी पुस्तकात बँकेचा बोजा असेल, तर बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

विकणाऱ्यानेही किल्ली दिली की सुटलो, असे समजू नये. कागदोपत्री मालक तोच राहिला, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. फॉर्म २९ आणि ३० वरच्या सह्या दोन्ही घरांना तारतात.

शेजारी गाडीकडे आठवडाभर पाहतात. बिले मात्र आपल्यालाच वर्षानुवर्षे पाहायची असतात. एकमत करायचेच असेल, तर घराने आधी त्या बिलांवर करावे.