यंत्र सरकारचे, हात आपले

तहान लागल्यावर विहीर खणायची, ही आपली जुनी खोड. पावसाळा तोंडावर आला की आपत्ती-व्यवस्थापनाच्या बैठका होतात, दूरध्वनी क्रमांकांचे फलक लागतात. पण ऐन वेळी दूरध्वनीच मुका झाला तर? हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

वसईकरांनी तो विचारलाच पाहिजे. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, वसईच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसे अडकली. मे 2021 च्या तौक्ते वादळात आपल्याकडची वीज गेली. मोबाईलचा मनोरा विजेवर चालतो. त्याची बॅटरी संपली की खिशातला फोन आणि रस्त्यावरचा दगड सारखाच!

हॅम रेडिओला असा मनोरा लागत नाही. 12 व्होल्टची बॅटरी, एक संच, उंच बांधलेली तार आणि परवानाधारक माणूस एवढे पुरते. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांनी हॅम रेडिओवरूनच निरोप पोचवले. तो संच त्सुनामीसाठी नेलेला नव्हता. तो आधीपासून चालू होता आणि चालवणारा हात सरावाचा होता, हे महत्त्वाचे.

मग संच कोणाचा असावा? जाणकार म्हणतात, ज्याचा त्याचा. सरकारी यंत्र कपाटात धूळ खाते, किल्ली साहेबांकडे आणि साहेब रजेवर! यात तथ्य आहे. शिवाय परवाना माणसाच्या नावाने मिळतो. कचेरीत नुसता संच आणून ठेवला म्हणून कोणी कारकून तो चालवू शकत नाही.

तरीही संच सरकारनेच घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वयाची 12 वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ही परीक्षा देता येते. पण संच विकत घेण्याची ऐपत आपल्या वर्गात किती जणांची आहे? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. पुस्तकांचा खर्चच जिथे ओढाताणीचा, तिथे रेडिओ कुठला? स्वयंसेवा ही काय फक्त पैसेवाल्यांची मिरास आहे?

मालकी सरकारची असावी, पण ताबा स्वयंसेवकांचा. महापालिकेने एक संच कॉलेजात आणि एक अर्नाळ्याच्या बेटावर ठेवावा. दर रविवारी ठरल्या वेळी दोन्हीकडून बोलणे व्हावे आणि त्याची नोंद वहीत व्हावी. सलग तीन रविवार नोंद नसेल, तर संच काढून दुसऱ्यांना द्यावा. किल्ल्या तीन असाव्यात. त्यांतली एक विद्यार्थ्याकडे.

पोलिसांकडे बिनतारी यंत्रणा आहे, हे मला ठाऊक आहे. पण ती त्यांच्या कामाची. वस्तीतल्या म्हाताऱ्याला औषध हवे आहे, हा निरोप कोण नेणार?

मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. यंदा आपल्यापैकी दहा जणांनी ही परीक्षाही द्यावी. परवाने हाती घेऊन महापालिकेच्या दारात उभे राहिलो, तर संच मागण्याला काही अर्थ राहील.