मोठी नोट तोडा, पण खात्याप्रमाणे!



"जे ठरलं ते लगेच मोबाइलमध्ये लिहा," हे मी नेहमी सांगतो. बऱ्याच जणांनी ऐकलं. आता चांदूर बाजारचा एक भाऊ विचारतो, "सर, लिहिलं तर सगळं, पण वेळेवर सापडत काहून नाही?"

त्याचा संत्र्याचा लहान व्यापार. मृगाचे सौदे, आंबियाचे सौदे, कोणत्या बगीच्याला किती इसार दिला, मजुरी, गाडीभाडं, सगळं एकाच नोटमध्ये. शेतकरी समोर उभा आणि हा बोटानं नोट सरकवतोय. शेवटी आठवणीवर आकडा सांगितला. मित्रांनो, असा आकडा चुकला की एक तर पैसा जातो, नाही तर माणूस.

काही जण म्हणतील, सर्च आहे ना! आहे. पण सर्च शब्द दाखवतो, हिशोब दाखवत नाही.

जुने मुनीमजी काय करायचे? दिवसाचे व्यवहार आधी तारखेप्रमाणे रोजकीर्दीत, मग ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत. तुमची लांबलचक नोट म्हणजे रोजकीर्द. खतावणी कोणी केलीच नाही!

हे काम आता हातानं करू नका, कॉम्प्युटरला द्या. युनिक्समध्ये 'स्प्लिट' ही आज्ञा १९७३ पासून आहे. काही सांगितलं नाही तर ती दर १००० ओळींनी फाइल तोडते. पण तिला तुमचा धंदा कळत नाही. अर्धा सौदा एका फाइलीत, अर्धा दुसरीत! 'सीस्प्लिट' त्यापेक्षा कामाची, ती तुम्ही सांगितलेल्या खुणेच्या ओळीवर तोडते. आणि 'ऑक'ची छोटी स्क्रिप्ट एका खात्याच्या सगळ्या नोंदी एकाच फाइलीत गोळा करते. लिनक्स आणि मॅकवर हे तिन्ही मिळतात. विंडोजवर पॉवरशेलमध्ये लहानशी स्क्रिप्ट लिहून हेच जमतं.

चार गोष्टी मात्र पाळा:

१. आधी मूळ फाइलची कॉपी काढून ठेवा. रोजकीर्द कोणी फाडत नाही.

२. प्रत्येक नोंदीच्या वर खूण लिहा: "## इसार", "## मजुरी", "## गाडीभाडं". नाव दर वेळी तेच हवं. एकदा "गाडीभाडं" आणि एकदा "गाडी भाडे" लिहिलं, की दोन खाती झाली.

३. फाइल बाइट मोजून तोडू नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'संत्रा' या एका शब्दाला १८! मधेच कापलं की तिथं अक्षराऐवजी चौकोन नाही तर प्रश्नचिन्ह दिसतं.

४. शेवटी सगळ्या तुकड्यांच्या ओळींची बेरीज मूळ फाइलशी जुळवा. मेळ बसला नाही तर पुढं जाऊ नका.

माझं मत स्पष्ट आहे. तोडण्याचं काम मशीनचं, पण कुठं तोडायचं हे ठरवणं मालकाचं. ज्याला आपल्या धंद्यात खाती किती हेच सांगता येत नाही, त्याला कोणतीही स्क्रिप्ट वाचवू शकत नाही.

म्हणून स्क्रिप्ट उद्या शिका. आज फक्त कागदावर तुमच्या पाच खात्यांची नावं लिहा, आणि आजच्या पहिल्या नोंदीवर खूण टाका. चला, कामाला लागा!