‘आमच्या घराण्यात असंच असते!’

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याची कडवट चव जिभेला लावणाऱ्या समाजाला दिवाळीच्या अंकातला एखादा कडू लेख सोसायला हरकत नसावी. मला एका वाक्याशी भांडायचे आहे. हे वाक्य या चार दिवसांत तुमच्या घरात एकदा तरी उच्चारले जाईल, हे मी पैजेवर सांगतो. लेक माहेरी आलेली असते. तिच्या कडेवर दीड वर्षाचे मूल असते. शेजारची काकू करंजी तोडता तोडता म्हणते, “काय वो, लेकरू वाळलं का?” त्यावर लेकीने तोंड उघडण्याआधीच आजीबाई उत्तर देऊन मोकळ्या होतात, “नाई वो, अंगकाठीच तशी हाय त्याची. आमच्या घराण्यात असंच असते!”

झाले. विषय संपला आणि चकलीकडे वळला.

मूल उशिरा बोलते? घराण्यात असंच असते. डोळा तिरळा आहे? मामाचाही होता. पाऊल आत वळले आहे? आजोबांचे तसेच होते, आणि त्यांनी नाही का चाळीस एकर राखली? पूर्वी खेड्यातला वैदू पोटदुखीपासून पडशापर्यंत एकच पुडी देत असे; तशी ही घराण्याची पुडी. फरक इतकाच की वैद्याच्या पुडीने एखादा बरा तरी होत असे.

मी डॉक्टर नव्हे. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली मिळून चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. पहिलीच्या वर्गात मुले दाखल होताना त्यांच्या आईबापांना पाहणे हा माझा धंदाच होता, आणि त्या धंद्यात हे वाक्य मी हजेरीइतक्या वेळा ऐकले आहे.

गंमत अशी की हाच बाप शेतात उभा राहिला म्हणजे अगदी निराळा माणूस असतो. आमचा जिल्हा कापसाचा आणि अलीकडे सोयाबीनचा. पऱ्हाटी खुरटली की शेतकऱ्याच्या ध्यानात यायला चार दिवस लागत नाहीत. तो मुळाशी माती उकरून पाहतो, पान उलटे करून मावा-तुडतुडे शोधतो, शेजाऱ्याच्या वावरात जाऊन त्याचे पीक आपल्या गुडघ्याला लावून बघतो. “आमच्या वावरात पऱ्हाटी अशीच येते, आमच्या बियाण्याचे घराणेच तसे,” असे म्हणून तो कधी बांधावर बसून राहिला आहे काय? सोयाबीन पिवळे पडले तर कृषी केंद्रावर धाव घेणारा हा शहाणा माणूस, पोरगे पिवळे पडले की एकदम वंशावळीचा अभ्यासक होतो.

आणि शब्दही तोच आहे, हे पाहा. वयाच्या मानाने ज्या मुलाची उंची कमी राहते त्याची वाढ खुंटली, ते खुरटले, असेच म्हणतात. वाळलेले मूल चार पंधरवडे नीट खाऊपिऊ घातले तर भरून येते. खुरटलेल्याचे तसे नसते. पहिल्या दोन वर्षांत हरवलेली उंची पुढे भरून काढणे फार कठीण, आणि त्या काळात मेंदूची जी बांधणी व्हायची ती उंचीबरोबरच अर्धवट राहते. आपण मात्र मुलाचे गाल पाहतो. गाल गुबगुबीत असले की बाळ गुटगुटीत! उंची कोणी पाहते काय? जन्मतः सुमारे पन्नास सेंटिमीटर असलेले मूल वर्षाचे होईतो पंचाहत्तरच्या आसपास जायला हवे. जन्माचे वजन पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट व्हायला हवे. हे हिशेब सोन्याच्या भावाइतके तरी आपल्याला पाठ असावेत.

आता घराण्याचा मुद्दाच हाती घेऊ. १९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुले मोजली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपला भारत. आपल्याकडची मुले दिल्लीची होती. अट एवढीच, की मुलांना आईचे दूध मिळालेले असावे, आई विडी-सिगारेट ओढणारी नसावी, घरात खाण्यापिण्याची आणि औषधपाण्याची आबाळ नसावी. निष्कर्ष काय निघाला? नॉर्वेचे गोरेपान मूल आणि दिल्लीचे सावळे मूल पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ सारखेच वाढते. फरक होता तो मुलामुलांत. देशादेशांत फारसा नव्हता. त्याच मोजमापांवरून २००६ साली जे वाढीचे तक्ते निघाले, तेच आज अंगणवाडीत आणि माता-बालसंरक्षण कार्डावर छापलेले असतात.

कोणी म्हणेल, दिल्लीच्या सुखवस्तू लोकांचे आम्हांला काय सांगता? ठीक. दक्षिण कोरियात जा. शंभर वर्षांच्या अवधीत तिथल्या स्त्रियांची सरासरी उंची वीस सेंटिमीटरांनी वाढली. म्हणजे पणजी नातीच्या खांद्याला लागत असे म्हणा ना! शंभर वर्षांत घराणे बदलते काय? बदलले ते ताट.

इतके दूर जायचे कारणही नाही. राजमाता जिजाऊंचा जन्म आमच्या सिंदखेडराजाचा, १२ जानेवारी १५९८ चा. त्यांच्याच नावाने २००५ साली महाराष्ट्र सरकारने माता-बालकांच्या आरोग्यासाठी आणि पोषणासाठी एक मिशन काढले आणि लक्ष घातले ते मुख्यतः दोन वर्षांखालच्या मुलांवर. २००५-०६ च्या पाहणीत राज्यात दोन वर्षांखालची शंभरातली ३९ मुले खुरटलेली होती. २०१२ च्या पाहणीत ती २३ वर आली. सात वर्षांत! आता आजीबाईंनीच सांगावे, या सात वर्षांत महाराष्ट्रातली कोणती घराणी बदलली?

पुढची कथा मात्र सुखाची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे पाच वर्षांखालची खुरटलेली मुले २०१५-१६ साली राज्यात शंभरात ३४ होती. २०१९-२१ साली ३५ निघाली. गाडा घाट चढता चढता मध्येच थांबावा तसे झाले आहे. त्याच पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांची शंभरातली ६९ मुले रक्त कमी असलेली आढळली. आपले मूल उरलेल्या एकतीसांतलेच असणार, असे हा अंक वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटत असेल. रक्त तपासून पाहिले आहे काय?

घराण्याचा वाटा अजिबात नसतो, असे मी म्हणत नाही. आईबाप ठेंगणे असले तर मूल थोडे ठेंगणे निघू शकते. पण ते ओळखण्याची रीत आहे. पन्नासच्या दशकात डेव्हिड मॉर्ले नावाच्या इंग्रज डॉक्टराने नायजेरियातल्या इमेसी-इले गावी एक साधा तक्ता तयार केला. दर महिन्याला मुलाचे वजन करायचे, तक्त्यावर एक टिंब द्यायचे, टिंबे जोडायची, आणि तो तक्ता आईच्या हातात ठेवायचा. एका टिंबाला काही अर्थ नसतो. रेषेला असतो. ठेंगणे पण निरोगी मूल खालच्या का होईना, आपल्या रेषेने चढत राहते. ज्याची रेषा आडवी पडली, त्याच्या घरी काही तरी बिघडले आहे: वरचेवर हगवण असेल, सहाव्या महिन्यानंतरही वरचे अन्न सुरू नसेल, किंवा अन्न म्हणून वरणाचे नुसते पाणी आणि चहात बुडवलेला बिस्कुट चालू असेल. घराणे रेषेला आडवे पाडीत नाही.

या वाक्याचा सर्वांत मोठा गुन्हा पुढेच आहे. खुरटलेली मुलगी मोठी होते, तिचे लग्न होते, तिचे मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका अधिक असतो. ते मूल पुन्हा खुरटते. मग पाळण्याशी बसून कोणी तरी म्हणते, पाहा, आमच्या घराण्यात असंच असते! म्हणजे हे वाक्य आपला पुरावा आपणच जन्माला घालते. तीन पिढ्या हेळसांड करा, चौथ्या पिढीला ती परंपरा वाटू लागते.

उशिरा चालण्याबोलण्याचेही तसेच. येथे मी दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही दोन शब्द सुनावतो. शहरातल्या काही आया मोबाइलवर दुसऱ्याच्या मुलाचे चालणे पाहतात आणि आपले अकरा महिन्यांचे मूल अजून चालत नाही म्हणून रात्र रात्र जागतात. बायांनो, निवांत झोपा. वर सांगितलेल्या पाहणीत निरोगी मुले आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत केव्हाही एकटी चालू लागली. आधाराशिवाय बसणे चौथ्यापासून नवव्या महिन्यापर्यंत. रांगायचे तर शंभरातली चार मुले रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. निसर्गाने एवढी ऐसपैस मुदत दिली आहे. पण मुदत म्हणजे मुदत. दीड वर्ष उलटून गेले आणि मूल चालत नाही, तर तेथे आजोबांचा दाखला चालत नाही.

बोलण्याच्या बाबतीत तर हा दाखला घातकच. चिखली तालुक्यातल्या एका गावात माझ्या वर्गात एक मुलगा होता. बाई बोलू लागल्या की डोळे त्यांच्या ओठांवर. पाठ फिरवून बोलल्या की हा खिडकीबाहेर. पोरे त्याला ‘मठ्ठ’ म्हणत. तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी कान तपासून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. ती आजोबांनी पंचांगात ठेवून दिली. मी तीनदा घरी गेलो. “मास्तर, त्याचा बाप बी पाच वर्साचा होईस्तोवर बोलला नव्हता. आता बजारात जाऊन पाहा, त्याचाच आवाज मोठा!” दोन वर्षांनी कान तपासले गेले. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. कानाला यंत्र बसले, अक्षर मोत्यासारखे झाले, गणितात तो पुढे गेला. पण बोलणे जे राहिले ते राहिले. भाषा शिकण्याचे मेंदूचे दिवस पहिल्या काही वर्षांतले. बहिरे मूलही पाचव्या-सहाव्या महिन्यात इतरांसारखेच हुंकार देते, म्हणून घर फसते. मग ते हळूहळू गप्प होते. जाणकार सांगतात, पहिल्या महिन्यात कान तपासावेत, तिसऱ्यापर्यंत निदान व्हावे, सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावा. झोपलेल्या बाळाच्या कानात एक लहानसे यंत्र धरले की काही मिनिटांत तपासणी होते. मूल जागेही होत नाही. सोळा महिन्यांत एकही शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडता येत नाहीत, तर वाट पाहायची नसते. आणि आत वळलेले पाऊल जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच दर आठवड्याला प्लास्टर बदलत नेले तर बहुतेक वेळा सरळ होते. आजोबांच्या वेळी ती सोय नव्हती.

सोयी नाहीत अशी ओरड आता पुरती खरी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तोही आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे पथक गाडीने फिरते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी व्हावी असा नियम आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर, सारे त्यात येते. पुढचे उपचारही फुकट, हृदयाची शस्त्रक्रियासुद्धा.

सरकारलाही एक प्रश्न विचारणे भाग आहे. २०२१ पासून अंगणवाडीतल्या मुलांची वजने-उंच्या ‘पोषण ट्रॅकर’वर, म्हणजे मोबाइलवर भरतात. एका अंगणवाडीत मी तासभर बसलो होतो. सेविकेने मूल काट्यावर ठेवले, आकडा मोबाइलमध्ये घातला, पुढचे मूल घेतले. आकडा दिल्लीला पोचला. दोन हातांवर बसलेल्या आईला तो कळला नाही. त्या बाईचा दोष नाही. तिला रेंज शोधायची, फोटो काढायचे, आहार वाटायचा. पण मॉर्लेने तक्ता आईच्या हातात दिला होता, हे वरच्यांनी विसरू नये.

आणि पथकाने दिलेली चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचे कोणी? सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या पाड्यांवर राहणारी मजूर बाई गेली नाही, तर मी तिला दोष देणार नाही. तिची दिवसाची मजुरी बुडते, एसटी वेळेवर नसते, घरी दुसरे तान्हे असते. दिवाळी संपली की पोटासाठी गाव सोडणाऱ्यांची मुले तर काट्यावरून आणि तक्त्यावरून दोन्हीकडून नाहीशी होतात. माझे भांडण त्यांच्याशी नाही; तुमच्याशी-माझ्याशी आहे. आपल्या दारात गाडी आहे, तालुक्याला बालरोगतज्ज्ञ आहे, दिवाळी अंक विकत घ्यायला पैसे आहेत. आपल्याजवळ मजुरीची सबब नाही, म्हणून आपण घराण्याची काढतो. शिवाय ‘तपासणी’ म्हटले की आपल्याला घराण्याचा पाणउतारा वाटतो. सुनेने मूल दाखवून आणायचे म्हटले तर सासरची खोट काढली असे होते. न नेता मूल खंगले तर सुनेच्या दुधाला दोष. दोन्ही बाजूंनी तीच.

येत्या १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी लोटच्या लोट येतील. मंडप पडतील, भाषणे होतील, मुले खांद्यावर घेऊन माणसे येतील. माझी तेथल्या मंडळींना जाहीर विनंती आहे की एका मंडपात उंची मोजण्याच्या चार फळ्या आणि चार काटे ठेवावेत. फार खर्च नाही. दोन वर्षांवरचे मूल उभे करून मोजता येते. त्याखालचे आडवे ठेवून मोजावे लागते आणि त्याला दोन माणसे लागतात, एकाने डोके फळीला टेकवून धरायचे, दुसऱ्याने गुडघे सरळ करायचे. डोके धरायला आजीबाईंना बोलवावे. आकडा कार्डावर आईच्या हाताने लिहवून घ्यावा, आणि कार्ड घरी आणले नसेल तर तेथेच नवे द्यावे.