पंपात काय भरावे?

हार्ट-लंग मशीन, म्हणजे पंप, रुग्णाला जोडण्याआधी तो चालवणारा परफ्युजनिस्ट त्याच्या नळ्या द्रावणाने भरून घेतो, टिचक्या मारून शेवटचा बुडबुडाही हुसकावतो. मोठ्या माणसासाठी लिटर-दीड लिटर द्रावण लागते, आणि पंप सुरू होताच ते सगळे रक्तात मिसळते. रक्त पातळ होते, रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट विरळ होतात. उरलेल्या प्लेटलेट ऑक्सिजनेटरच्या परक्या पृष्ठभागावर आदळून, सक्शनमध्ये घुसळून आधीच दमलेल्या असतात. म्हणून आत काय भरले, याला महत्त्व येते: स्टार्चचे द्रावण, रक्तातले प्रथिन अल्ब्युमिन, की रिंगरसारखे क्षारांचे साधे द्रावण.

स्टार्चची बाजू एके काळी भक्कम वाटे. ते अल्ब्युमिनपेक्षा स्वस्त, आणि रिंगरसारखे पटकन ऊतींत झिरपून सूज आणत नाही. पण ते प्लेटलेटना वेढून त्यांची एकमेकींना धरण्याची ताकद घटवते. प्लेटलेटना चिकटायला मदत करणारा व्हॉन विलेब्रांड घटकही कमी करते. त्यात स्टार्चचे मोठे पुरस्कर्ते, जर्मन भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांचे शोधनिबंध २०१० नंतर ढिगाने मागे घेतले गेले. पहिलाच निबंध नेमका पंपात अल्ब्युमिन भरावे की स्टार्च, यावरचा होता! २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने रक्तस्रावाच्या धोक्यामुळे पंपावरच्या हृदयशस्त्रक्रियांत स्टार्च वापरू नये, असे बजावले. हा वाद माझ्या मते मिटला आहे.

अल्ब्युमिनचे तसे नाही. ते नळ्यांना आतून लेप देते, प्लेटलेट वाचवते, हा तर्क पटण्याजोगा आहे. तरीही हेलसिंकीत १,३८६ प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रिंगर ॲसिटेटच्या तुलनेत अल्ब्युमिनने मोठ्या गुंतागुंती कमी झाल्या नाहीत. रक्तस्राव उलट वाढला. हृदयाच्या स्नायूंची इजा मात्र अल्ब्युमिनच्या गटात कमी दिसली, आणि द्रावणही कमी लागले. सुजेने फुप्फुसे जड होण्याची भीती असलेल्या रुग्णात हा फायदा सर्जन सहज सोडणार नाही, आणि सोडूही नये. पण माणसाच्या प्लाझ्मापासून बनणारी ही महागडी बाटली सरसकट प्रत्येक पंपात ओतण्याचे समर्थन या आकड्यांतून होत नाही. प्रौढांत सुरुवात रिंगरसारख्या साध्या द्रावणाने करावी.

तान्ह्या बाळांना मात्र हा निष्कर्ष लावू नये. तीन किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम पाव लिटर रक्त असते. नळ्यांतले द्रावण जवळपास तेवढेच भरते.